जहाज, घोडा आणि बैल: इंग्रजी वाक्प्रचारांचा माग

तमाशात गण-गौळण आटोपली की बतावणी रंगते. सरदार सांगतो, "बातमी ऐकली अन् माझ्या तोंडचं पाणी पळालं." सोंगाड्या लगेच बाह्या सारतो, "कुण्या अंगाला गेलं? बांध घालतो!" तंबूत हशा पिकतो. विनोद साधा दिसतो, पण त्याच्या पोटात भाषेचा एक नियम आहे. काही शब्द सुटे घेतले तर एक अर्थ देतात आणि जोडून घेतले तर अगदी दुसरा. प्रेक्षकांना तो दुसरा अर्थ पक्का ठाऊक असतो, म्हणूनच सोंगाड्याने पहिला पकडला की हसू फुटते.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला ही कला कुणी शिकवायला नको. तमाशा कलावंत गंगाराम कवठेकर या गावचे. लावण्या, लोकगीते आणि वगनाट्ये लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकरही इथलेच. राज्य शासनाचा 2018 सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या गावाने नेमक्या शब्दावर टाळी घेणारी माणसे दिली, त्या गावातली मुले आता इंग्रजी शिकत आहेत. महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पुढे शिक्षण संपवून यातली अनेक मुले रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागतात आणि तिथल्या मेलमध्ये, बैठकांमध्ये इंग्रजी वाक्प्रचार त्यांच्यासमोर उभे राहतात. 'आर यू पुलिंग माय लेग?' यातला शब्द न् शब्द माहीत असतो, पण अर्थ हाती लागत नाही. सोंगाड्या मुद्दाम चुकीचा अर्थ घेतो. नवशिक्याची तशी चूक व्हावी असे कुणालाही वाटणार नाही.

मग गाइडमधली यादी पाठ होते. डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजव्या बाजूला अर्थ. परीक्षा संपली की यादी विसरली जाते, कारण पाठ केलेल्या गोष्टीला धरून ठेवायला काही आधार नसतो. तो आधार असतो वाक्प्रचाराच्या जन्मकथेत. जवळजवळ प्रत्येक वाक्प्रचार कुणाच्या तरी कामातून आलेला असतो: खलाशाच्या, घोडेवाल्याच्या, शेतकऱ्याच्या, सैनिकाच्या, कारकुनाच्या. ते काम डोळ्यांपुढे आले की अर्थ पाठ करावा लागत नाही. आणि ज्या मुलाच्या घरात आजही कासरा, वेसण, दावण हे शब्द रोज वापरले जातात, त्याला हे समजायला इतर कुणापेक्षा सोपे जायला हवे.

वाक्प्रचार ओळखायचा कसा

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली, शब्द बदलत नाहीत. 'तोंडचे पाणी पळाले' म्हणता येते, 'पळेल' म्हणता येते, पण 'मुखातले जल धावले' म्हटले की वाक्प्रचार मेला. क्रियापदाचा काळ बदलतो, बाकीची मांडणी पक्की असते. इंग्रजीतही तसेच. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. 'ही किक्ड द बकेट' चालते, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले तर खरोखरच कुणीतरी बादलीला लाथ मारली असा अर्थ होतो.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे: प्रत्येक वाक्प्रचाराची एक पायरी असते. मराठीत मरणासाठी 'देवाज्ञा होणे', 'निवर्तणे', 'काळाच्या पडद्याआड जाणे', 'राम म्हणणे', 'गचकणे' असे कितीतरी प्रयोग आहेत. मयताच्या घरी जाऊन कुणी 'गचकले का?' असे विचारणार नाही. 'किक द बकेट' हा नेमका 'गचकणे'च्या पायरीवरचा प्रयोग आहे. सहकाऱ्याचे वडील वारले, तर त्याला पाठवायच्या निरोपात तो चुकूनही वापरायचा नसतो. तिथे 'पास्ड अवे' हेच शोभते. यादीत दोन्हींपुढे 'मरणे' एवढेच लिहिलेले असते. यादीच्या आधाराने इंग्रजी बोलणाऱ्याची फसगत होते ती इथे.

समुद्रावर घडलेली भाषा

इंग्लंड हा बेटावरचा देश. त्या देशाचा व्यापार, लढाया, वसाहती, सारे जहाजांवर चालले. म्हणून इंग्रजीत समुद्रावरच्या वाक्प्रचारांचा भरणा फार.

शिडाच्या जहाजावर दोरांचे जाळे असते. कोणता दोर कोणत्या शिडाचा, कोणता ओढायचा आणि कोणता सोडायचा, हे नव्या खलाशाला आधी शिकावे लागे. त्यावरून कोणत्याही कामातल्या खाचाखोचा माहीत करून घेण्याला 'लर्न द रोप्स' म्हणतात. नव्या कामगाराला जुना कामगार मशीन दाखवतो, तेव्हा तो त्याला 'रोप्स' दाखवत असतो.

'टेकन अबॅक' म्हणजे अवाक होणे, दचकणे. वारा अचानक फिरून समोरून शिडावर आदळला की शीड उलटे डोलकाठीला चिकटते आणि जहाज जागीच अडते. त्या स्थितीतल्या जहाजाला 'टेकन अबॅक' म्हणत. अनपेक्षित गोष्ट ऐकून माणूस बोलता बोलता थबकतो, ते हेच.

'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारू पिऊन तर्र. यातले 'शीट' म्हणजे शीड असे वाटते, पण खलाशांच्या बोलीत 'शीट' म्हणजे शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज झोकांड्या खात जाते. दहावीच्या निकालानंतर वापरला जाणारा 'पास्ड विथ फ्लाइंग कलर्स'ही समुद्रावरचाच. 'कलर्स' म्हणजे जहाजावरचे झेंडे. लढाई जिंकून आलेले जहाज झेंडे फडकवत बंदरात शिरे, हरलेले ते उतरवून. चांगल्या गुणांनी पास होणे म्हणजे झेंडे फडकवत परतणे.

घोड्याचे तोंड, गायीचे दात

जमिनीवरची इंग्रजी घोड्याच्या पाठीवर बसून आली आणि आपली बैलामागून चालत आली. म्हणून या दोन भाषा एकमेकींना जनावरांच्या बाजारात सहज भेटतात.

जनावराचे वय दातांवरून कळते. बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडतो. दुधाचे दात असतील तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या बैलगाडा शर्यतींच्या पट्ट्यात हे शब्द शाळकरी पोरांनाही येतात. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मधली सात-आठ वर्षे शर्यतींचे घाट सुने होते, पण बैल पारखण्याची भाषा टिकून राहिली.

इंग्रजीत हीच परीक्षा घोड्याची. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' म्हणजे भेट मिळालेल्या घोड्याचा जबडा उघडून बघू नकोस. फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढू नकोस. आपल्याकडे 'धर्माची गाय अन् दात का गं नाय' ही म्हण आहे. पारख तीच, शहाणपण तेच, फक्त दावणीला बांधलेले जनावर वेगळे. एकदा हे दिसले की इंग्रजी म्हण पाठ करायची गरजच उरत नाही.

लगामाची गोष्टही तशीच. 'गिव्ह फ्री रीन' म्हणजे मोकळीक देणे. आपण कासरा ढिला सोडतो. 'रीन इन' म्हणजे आवर घालणे. आपण वेसण घालतो. 'विन हँड्स डाउन' म्हणजे सहज जिंकणे. घोड्यांच्या शर्यतीत जॉकी इतका पुढे असतो, की शेवटच्या टप्प्यात लगाम ढिले सोडून हात खाली घेतो, तरी पहिला येतो.

एका माणसाचे नावही घोड्यांमुळे भाषेत राहिले. केंब्रिजमध्ये थॉमस हॉब्सन नावाचा घोडे भाड्याने देणारा होता. तो 1631 मध्ये वारला. विद्यार्थी नेहमी चांगलाच घोडा मागत आणि तो बिचारा दमून जाई. म्हणून हॉब्सनने पाळी लावली: दाराजवळ जो उभा असेल तोच घोडा घ्यायचा, नाहीतर चालू लागायचे. 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे नावाला निवड, प्रत्यक्षात एकच पर्याय.

केडगावपासून जवळ असलेली गोष्ट

इंग्रजी वाक्प्रचारांचा दुसरा मोठा साठा म्हणजे बायबल. 1611 मध्ये निघालेले इंग्रजी भाषांतर घरोघर वाचले गेले आणि त्यातली वाक्ये रोजच्या बोलण्यात मुरली. आपल्याकडे गाथा आणि ज्ञानेश्वरी मुरली, तशीच.

'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. यामागे द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मळ्याचा मालक सकाळपासून मजूर लावतो. दिवस बारा तासांचा धरला तर अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना, आणखी काही मजूर येतात. मालक त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. कांदा काढणीला उशिरा आलेल्या मजुराला पूर्ण रोज मिळाला तर बाकीचे काय म्हणतील, हे शेतावर काम केलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. त्या गोष्टीतले मजूरही तशीच कुरकूर करतात.

'द रायटिंग ऑन द वॉल' म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट चिन्हे. बाबिलोनचा राजा बेलशस्सर मेजवानीत दंग असताना एक हात भिंतीवर अक्षरे उमटवतो. दानीएल त्याचा अर्थ सांगतो, आणि त्याच रात्री राजा मारला जातो. 'स्केपगोट' म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचे खापर ज्याच्यावर फुटते तो. आपण त्याला 'बळीचा बकरा' म्हणतो, पण मूळ विधीत तो बकरा कापत नसत. लोकांची पापे त्याच्या माथ्यावर ठेवून त्याला रानात सोडून देत.

या कथा सोप्या मराठीत वाचायच्या असतील, तर त्याचे एक मोठे काम शेजारच्या दौंड तालुक्यात झाले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावे हा त्यांचा हेतू होता. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यात झालेले हे काम 1924 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. संस्कृतात पांडित्य मिळवलेल्या बाईने आयुष्याच्या उत्तरार्धात जड शब्द बाजूला ठेवून लोकांची भाषा धरली, ही भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी गोष्ट आहे.

लढायांनी दिलेले शब्द

काही वाक्प्रचार एका तारखेला जन्मतात. नेपोलियन 1815 मध्ये वॉटर्लूला हरला, तेव्हापासून कुणाचा निर्णायक पराभव झाला की इंग्रज म्हणतो, 'ही मेट हिज वॉटर्लू'. आपले वॉटर्लू 1761 चे. निवडणुकीत एखाद्या पक्षाची दाणादाण उडाली की मराठी पत्रकार आजही 'पानिपत झाले' असेच लिहितो. त्याच मराठ्यांनी तीन वर्षे आधी, 1758 मध्ये, अटक गाठले होते. म्हणून मोठा पराक्रम म्हणजे 'अटकेपार झेंडा लावणे'. तीन वर्षांत घडलेला उत्कर्ष आणि विनाश, दोन्ही भाषेने जपून ठेवले.

'क्रॉस द रुबिकॉन' म्हणजे आता माघार नाही असे पाऊल टाकणे. इसवी सनापूर्वी 49 मध्ये ज्यूलियस सीझरने सैन्यासह रुबिकॉन नावाची लहानशी नदी ओलांडली. ती सैन्यासह ओलांडणे म्हणजे रोमविरुद्ध युद्ध पुकारणे होते. 'बर्न वन्स बोट्स' याचाही अर्थ असाच: ज्या होड्यांतून आलो त्याच जाळून टाकणे. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला यासाठी रोमला जायचे कारण नाही. 1670 मध्ये सिंहगडावर तानाजी पडले, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. 'परतीचे दोर कापणे' हा प्रयोग त्यातूनच मनात घट्ट बसला. होड्या आणि दोर यांत समुद्र व सह्याद्रीएवढे अंतर आहे, पण दोन्हीकडच्या माणसांची छाती एकच.

'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे दिसत असून न पाहिल्यासारखे करणे, कानाडोळा करणे. हा प्रयोग लोकांच्या तोंडी बसला तो नेल्सनच्या कथेने. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीची निशाणी दाखवली. नेल्सनचा एक डोळा आधीच्या लढाईत निकामी झाला होता. त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली, निशाणी दिसत नाही म्हणून सांगितले आणि लढाई चालू ठेवली.

देवळालीचा ताप

एक इंग्रजी वाक्प्रचार तर थेट आपल्या महाराष्ट्रात जन्मला. इंग्लंडमध्ये डोके फिरलेल्या माणसाबद्दल आजही 'ही हॅज गॉन डूलॅली' असे म्हणतात. हे 'डूलॅली' म्हणजे नाशिकजवळची देवळाली.

देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे आणले जात आणि मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. ही जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम चुकला तर महिनोन् महिने तिथेच. हाती काम नाही, वर उन्हाळा, सोबतीला हिवताप आणि दारू. काहींच्या वागण्यात फरक पडू लागे. मग बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश शिपायाने 1936 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रकार नोंदवला आहे. पुढे 'टॅप' गळला आणि 'डूलॅली' उरले.

आपणही त्रास देणाऱ्या गोष्टीला 'डोक्याला ताप' म्हणतो. परक्या देशात अडकून पडलेल्या पोरसवदा शिपायांच्या हालाला इथल्याच शब्दाने नाव दिले, आणि ते नाव त्यांच्यासोबत जहाजात बसून इंग्लंडला गेले. इंग्रजी ही केवळ देणारी भाषा नाही, ती घेणारीही आहे, हे आपल्या मुलांना शाळेतच सांगायला हवे. मुंगूस या प्राण्याचे इंग्रजी नाव 'माँगूस' हेही मराठीतूनच गेले आहे.

रांजणगावच्या मेलमध्ये

कारखान्यात येणारे वाक्प्रचार बहुतेक खेळांतून आणि यंत्रांतून आलेले असतात. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' हा टेनिसचा: चेंडू आता तुमच्या बाजूला आहे, पुढची हालचाल तुम्ही करायची. साहेबाच्या मेलमध्ये हे वाक्य आले, तर तो उत्तराची वाट पाहतो आहे असे समजावे. 'थ्रो इन द टॉवेल' हा मुष्टियुद्धाचा. आपला गडी आता मार खाऊ शकत नाही असे दिसले की त्याचा प्रशिक्षक रिंगणात टॉवेल फेकतो, म्हणजे हार मानतो. 'बॉटलनेक' म्हणजे बाटलीचा गळा. पूर्ण लाइनमधले जे एक मशीन सावकाश चालते आणि ज्याच्यापाशी माल तुंबतो, ती जागा.

'पास द बक' हा पत्त्यांतला. पोकरमध्ये पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवायला एक खूण पुढे सरकवत. तिला 'बक' म्हणत. ती पुढे ढकलणे म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी असे. म्हणजे ही जबाबदारी माझ्यापुढे कुठेही जाणार नाही. आपण अशा कारभाराला 'टोलवाटोलवी' म्हणतो, आणि आपल्या शब्दात विटी-दांडूचा टोला आहे.

क्रिकेटचे वाक्प्रचार तर आपल्याला इंग्रजी वाटेनासे झाले आहेत. 'हॅट-ट्रिक' कुठून आली? 1858 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढून त्याला बक्षीस म्हणून हॅट दिली.

दिसते एक, असते दुसरेच

आता सर्वांत सावध राहायची जागा. शरीर, आग, पाणी, मीठ हे सगळ्या जगाचे आहे, म्हणून त्यांच्यावरचे पुष्कळ वाक्प्रचार जुळतात. 'ॲड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणे. 'बर्न वन्स फिंगर्स' म्हणजे हात पोळून घेणे. 'टर्न अप वन्स नोज' म्हणजे नाक मुरडणे. 'रब सॉल्ट इन द वूंड' म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. असे चार जुळले की पाचवाही जुळेल असे वाटते, आणि तिथेच पाय घसरतो.

'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे, फिरकी घेणे. आपण 'पाय ओढणे' म्हणतो तेव्हा पुढे जाणाऱ्याला मागे खेचतो. साहेब हसत हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग' म्हणाला, तर तो माझी बढती अडवतोय असे समजून कुणी रुसू नये.

'वॉश वन्स हँड्स ऑफ इट' म्हणजे आपली जबाबदारी झटकणे. येशूला मृत्युदंड देताना पिलाताने लोकांपुढे हात धुतले आणि या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असे सांगितले, ती ही कथा. मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा संधीचा फायदा उठवतो, आणि हात धुऊन मागे लागणारा तर पिच्छाच सोडत नाही. कृती एक, अर्थ तीन, आणि तिन्ही एकमेकांपासून दूर.

मीठही तसेच. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर सावधपणे विश्वास ठेवणे. आपण तिखटमीठ लावतो ते गोष्ट फुगवण्यासाठी. म्हणजे इंग्रज ऐकणारा मीठ घालतो आणि मराठी सांगणारा. 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणजे आपल्या पगाराला लायक असलेला, कामात पक्का. आपला 'खाल्ल्या मिठाला जागणारा' हा इमानी असतो, कुशल असेलच असे नाही. नोकरीच्या अर्जात या दोहोंतला फरक फार मोठा ठरतो.

आणखी एक काळजी घ्यावी. मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या तपासल्याशिवाय खऱ्या मानू नयेत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. पूर्वी इंग्लंडात कुत्री-मांजरे गवताच्या छपरावर झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून हा प्रयोग आला, अशी एक गोष्ट सगळीकडे फिरते. ती रचलेली आहे. गोष्ट जितकी मजेदार, तितकी ती पारखून घ्यावी.

मराठीने घेतलेले, मराठीने मुरवलेले

देवाणघेवाण इकडेही झाली. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे आपण आपलेच समजून वापरतो. ती इसापाची कथा. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात 1806 मध्ये 'बालबोधमुक्तावली' या नावाने इसापकथा मराठीत छापल्या गेल्या; 1828 मध्ये बापू छत्रे यांचे भाषांतर आले. शाळांमधून त्या कथा गावोगाव पोहोचल्या आणि 'सावर ग्रेप्स' मराठी झाली. 'पांढरा हत्ती', 'हिमनगाचे टोक', 'मगरीचे अश्रू' हेही असेच वर्तमानपत्रांतून घरात आले.

'लालफितीचा कारभार' पाहा. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधत. फीत सुटत नाही तोवर काम हलत नाही, म्हणून दिरंगाईला 'रेड टेप'. आपल्याकडे कागद कापडी रुमालात बांधत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद अजूनही रुमालांत आहेत आणि रुमालांनीच मोजले जातात. तरी आपण वाक्प्रचार उचलला तो फितीचा, कारण ज्या कारभारावर आपल्याला बोलायचे होते तो इंग्रजांच्या नमुन्याचा होता.

'हिरवा कंदील दाखवणे' हे मात्र आपणच घडवले. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढे लोहमार्ग दौंडवरून सोलापूर आणि मनमाडकडे गेले. गार्डाच्या हातातला कंदील लोकांनी रोज पाहिला आणि परवानगीला नवे नाव मिळाले. इंग्रजीत 'गिव्ह द ग्रीन लाइट', आपल्याकडे हिरवा कंदील. कंदील जाऊन विजेचे दिवे आले, तरी मंत्रिमंडळ आजही योजनेला कंदीलच दाखवते.

शिकायचे कसे

मराठीचे वाक्प्रचार जमवण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. रेव्हरंड मॅनवेरिंग यांनी मराठी म्हणी गोळा करून इंग्रजी अर्थासह 1899 मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केल्या. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 1940 च्या दशकात 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन खंडांत काढला. एक इंग्रज आपल्या म्हणी समजून घ्यायला इतके कष्ट घेतो, तर आपण त्याच्या वाक्प्रचारांची नुसती घोकंपट्टी का करावी?

वर्गात एक साधी पद्धत वापरता येते. समोर आलेल्या प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला तीन प्रश्न विचारायचे. हा कुणाच्या कामातून आला? कोणत्या प्रसंगी म्हणतात? कुणाला म्हणायचा आणि कुणाला नाही? मग त्याच प्रसंगी आपल्या घरात काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारून वहीत शेजारी लिहायचे. शब्द जुळवायचे नाहीत, प्रसंग जुळवायचा. 'रीन इन'च्या शेजारी वेसण येईल, 'बर्न वन्स बोट्स'च्या शेजारी परतीचे दोर येतील, आणि 'पुल समवन्स लेग'च्या शेजारी 'पाय ओढणे' न लिहिता 'फिरकी घेणे' लिहिले जाईल.

यातून दुसरे एक काम आपोआप होईल. 'पाचावर धारण बसणे' म्हणजे घाबरगुंडी उडणे, एवढे मुलांना पाठ असते. धारण म्हणजे धान्याचा भाव, आणि रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागले की घरोघरी धडकी भरे, असा त्याचा खुलासा केला जातो. दुष्काळ सोसलेल्या शिरूरसारख्या तालुक्यात तो पटायला वेळ लागत नाही, पण तो समजावून सांगणारी पिढी आता थकली आहे. मोटेऐवजी मोटार आली, खळ्याऐवजी मळणीयंत्र आले, बैल शर्यतीपुरते उरले. कामे गेली की त्यांच्यावरचे वाक्प्रचार काही काळ तोंडी राहतात, मग अर्थ पुसट होतो आणि शेवटी तेही यादीत जाऊन पडतात.

म्हणून कवठ्याच्या मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे, उत्तम शिकावे. जहाजाचे दोर, हॉब्सनचा घोडा आणि नेल्सनची दुर्बीण सगळे समजून घ्यावे. पण ते शिकण्यासाठी लागणारी पारख त्यांना गावातच मिळणार आहे: बैलाचा जबडा उघडणाऱ्या आजोबांकडे, तिखटमीठ लावून गोष्ट सांगणाऱ्या आजीकडे आणि एका शब्दावर तंबू हसवणाऱ्या कलावंतांकडे. त्यांच्यापाशी बसून प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कोणत्याही भाषेचे वाक्प्रचार अवघड जाणार नाहीत.